इंग्लंड, कायम दोन-एक

आमच्या विभागातलं टिपश्पील मी चालवते. टिपश्पील म्हणजे फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेत ऑफिसातल्या प्रत्येकाने सामन्यांचे स्कोअर लिहून द्यायचे, आणि ज्याचे अंदाज सर्वांत जास्त बरोबर येतील तो पहिला. जर्मनीत बहुतेक ऑफिसांत हा खेळ असतो. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, आणि म्हणूनच हे काम माझ्याकडे आलं. आधी ज्याच्याकडे होतं तो एका संघाचा इतका भक्त होता की त्याच्या बेरजांवर कोणाचा विश्वास नव्हता. मी रेगेन्सबर्गला गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करणाऱ्या विभागात वेळापत्रक ठेवते. कोणता भाग कुठल्या यंत्रावर, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे सगळं माझ्या तक्त्यात असतं. त्या बाईला आणखी एक तक्ता जड नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. खरं म्हणजे जड नव्हताच.

नियम मी केले. अंदाज ईमेलने पाठवायचे, प्रत्येक फेरीसाठी वेगळे, फेरीच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी दुपारी बाराच्या आत. घरच्या एका माणसाला भाग घेता येईल. जो शेवटचा येईल त्याने सगळ्या विभागाला वाइसवुर्स्टचा नाश्ता द्यायचा, म्हणजे पांढरे सॉसेज, गोड मोहरी आणि ब्रेत्सेल हा पिळाचा खारा पाव. आमच्या बव्हेरियात हा नाश्ता बाराच्या आत संपवतात. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला ब्रेत्सेल आणि लोणी. आणखी एक नियम होता. एकाच माणसाचे दोन ईमेल आले, तर शेवटचा धरायचा. लोक ऐनवेळी मत बदलतात, म्हणून तो केला होता. तो सुचला तेव्हा माझं मलाच बरं वाटलं होतं.

विभागात एक स्कॉटिश माणूस आहे आणि एक इंग्लिश. दोघेही कंपन-चाचणीच्या एकाच यंत्रावर काम करतात, सकाळी स्कॉटिश, दुपारी इंग्लिश. स्कॉटिश माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, उंच, कमी बोलणारा. इंग्लिश माझ्या वयाचा आणि सतत बोलणारा. ऑफिसात सगळे एकमेकांना ‘दू’ म्हणतात, म्हणून इथे मीही अरेतुरेच लिहिते आहे. घरी नाशिकला असते तर नऊ वर्षांनी मोठ्या माणसाला अहोजाहो केलं असतं.

त्यांच्या बाबतीत माझी पहिली चूक फार जुनी. एका सप्लायरची माणसं आली होती. त्यांना ओळख करून देताना मी दोघांकडे हात करून म्हणाले, हे आमचे दोन इंग्लिशमन. इंग्लिश हसला. स्कॉटिश पुढे येऊन हात मिळवत म्हणाला, “इंग्लिशमन एकच. दुसरा मी.”

घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “फरक काय पडतो? दोघंही इंग्रजच की.”

माझ्याही मनात तेच होतं. आम्ही शाळेत जो इतिहास शिकलो त्यात आले ते इंग्रज आणि गेले तेही इंग्रज. त्यांच्यात आपसात काही असेल, हा प्रश्न परीक्षेला कधी आला नाही. पुढे एकदा कँटीनमध्ये मी हे त्या दोघांसमोर बोलून दाखवलं. स्कॉटिश बटाट्याचे तुकडे करत होता. तो म्हणाला, “तुमच्याकडे आलेल्या साहेबांत आमची माणसं भरपूर होती. रस्ते बांधणारी, चहाचे मळे काढणारी, बंदुका चालवणारी. ते मी नाकारत नाही. जिंकायला निघालो की आम्ही ब्रिटिश. हरलो की नुसते स्कॉटिश.”

“हे तो टेनिसबद्दल म्हणतो,” इंग्लिश मला म्हणाला. “त्यांचा खेळाडू जिंकला की आमच्या टीव्हीवर ब्रिटिश, हरला की स्कॉटिश. आता साम्राज्याबद्दलही म्हणायला लागला.”

“तुमच्या टीव्हीवर सामना कोणाचाही असो, पंधरा मिनिटांत तुम्ही कधीकाळी जिंकलेल्या विश्वचषकाचा विषय निघतो. आम्ही खेळत असलो तरी निघतो. आणि राष्ट्रगीत सगळ्या ब्रिटनचं, पण मैदानात ते फक्त तुमचं.”

“आम्ही तुमच्याबद्दल इतका विचारच करत नाही रे.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” स्कॉटिश म्हणाला. “तीच तर तक्रार आहे.”

हे रोजचंच होतं. त्यात कडवटपणा नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं, तेव्हा स्कॉटिश माणसाला इतक्या वर्षांनंतर परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन कागद करावे लागले. जर्मन नागरिकत्वाच्या कागदांची माझी यादी विभागात प्रसिद्ध आहे. कुठला दाखला, किती प्रती, कुठल्या खिडकीवर, सगळं त्यात आहे. ती मागायला तो माझ्या टेबलाशी आला. इंग्लिश मागून म्हणाला, “मलाही दे एक.” स्कॉटिश वळला नाही. “बाहेर पडायचं तुझ्या लोकांनी ठरवलं,” तो म्हणाला, “आणि रांगेत मी उभा राहणार.” त्या दिवशी कोणी हसलं नाही. दोघांना मी एकेक प्रत दिली.

तरीही इंग्लंडचा प्रत्येक सामना ते दोघं एकत्र बघायचे, स्कॉटिशच्या घरी. कारण त्याची बायको इंग्लिश होती.

ती उत्तर इंग्लंडातली. इथे संध्याकाळच्या वर्गांत जर्मन लोकांना इंग्लिश शिकवायची. मी तिला पाच-सहा वेळा भेटले असेन, बहुतेक ऑफिसच्या उन्हाळी जेवणाला. तिने सांगितलं होतं, घरी सोफ्याला दोन बाजू आहेत. डावी इंग्लंडची, तिथे ती आणि हा पाहुणा. उजवी बाजू इंग्लंडविरुद्ध जो कोणी खेळत असेल त्याची, तिथे नवरा. आमच्या टिपश्पीलमध्ये नवऱ्याबरोबर तीही असायची. नवरा स्कॉटलंड नेहमी जिंकणार असं लिहायचा आणि इंग्लंड नेहमी हरणार असं. ती इंग्लंडपुढे कायम दोन-एक लिहायची. समोर कोणीही असो, इंग्लंड दोन, ते एक. आणि स्कॉटलंडचा सामना कायम एक-एक. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “घरात शांतता लागते.” नवरा दरवेळी तळाला असायचा आणि ती त्याच्या वर कुठेतरी. वाइसवुर्स्ट आम्ही त्याच्याच हातची खात आलो होतो.

माझ्या मुलीला हे कळत नसे. तिला मराठी समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. तिने विचारलं, स्कॉटलंड स्पर्धेबाहेर गेल्यावर या माणसाला इंग्लंड हरलं काय, जिंकलं काय? मी म्हणाले, आपल्याकडे याला भावकी म्हणतात. परक्याने शेत नेलं तर माणूस कोर्टात जातो आणि विसरतो. चुलतभावाने बांध हातभर सरकवला तर तीन पिढ्या लग्नाला जात नाहीत. “आणि मयताला?” तिने विचारलं, जर्मनमध्येच. मयताला जातात, मी म्हणाले.

स्कॉटिशची बायको फेब्रुवारीत गेली. आजार वर्षभराचा होता. विभागातर्फे जे करायचं ते मी केलं. पुष्पचक्र सांगितलं, कार्डावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, त्याच्या तीन आठवड्यांच्या पाळ्या वाटून दिल्या. इंग्लिशने त्यातल्या निम्म्या घेतल्या, न सांगता. दफनाला तो सगळ्यांत मागे उभा होता. त्यानंतर तो त्या घरी गेला नाही. सामने नव्हते, त्यामुळे जायला निमित्तही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात युरोपची स्पर्धा जर्मनीतच होती. मे महिन्यात मी जुनी फाइल उघडली आणि भाग घेणाऱ्यांची यादी नवी केली. नोकरी सोडून गेलेले दोघे काढले, नवे तीन घातले. तिची ओळ काढली. माऊसचं एक बटण, दुसरं काही नाही. वाईट वाटलं नाही असं नाही, पण फाइल नीट झाल्याचं समाधान जास्त होतं.

पहिला सामना शुक्रवारी होता, म्युनिकला, जर्मनी विरुद्ध स्कॉटलंड. स्कॉटिशने रजा घेतली होती. सकाळीच त्याचे दोन ईमेल आले, दोन मिनिटांच्या अंतराने, प्रत्येकाला एक तक्ता जोडलेला. दुसऱ्यात बाकी सगळं तेच, फक्त इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या रकान्यांतले आकडे वेगळे. दुरुस्ती, असं मी धरलं. शेवटचा ईमेल ग्राह्य. आकडे उचलले, मोठ्या कागदावर यादी छापली आणि कॉफीच्या खोलीत चिकटवली.

त्या दुपारी विभागात कोणी काम केलं नाही. म्युनिकमध्ये किल्ट, म्हणजे चौकड्यांचे घागरे, घातलेल्या हजारो स्कॉटिश माणसांनी चौक भरून गेले होते, आणि जर्मन लोकांना ती माणसं फार आवडली होती. रात्री जर्मनीने त्यांचा धुव्वा उडवला.

सोमवारी स्कॉटिश कामावर आला. कॉफीच्या खोलीत आम्ही सहा-सात जण होतो. तो कप घेऊन यादीसमोर उभा राहिला, आणि बराच वेळ उभा राहिला. त्याच्या नावापुढे इंग्लंड पहिल्या फेरीतले तिन्ही सामने जिंकणार असं होतं. दोन-एक, दोन-एक, दोन-एक. मला वाटलं, तो बेरीज तपासतो आहे.

इंग्लिशने ती यादी शुक्रवारीच पाहिली होती. दोन दिवस त्याने धीर धरला होता.

“मग?” तो म्हणाला. “आलास शेवटी घरी?”

स्कॉटिश यादीकडेच बघत होता.

“इतकी वर्षं मला छळलंस. आणि आता तिन्ही सामने आमचे? लपवू नकोस, सगळ्या विभागाने वाचलंय.” मग तो आमच्याकडे वळला. “म्हणजे बायकोने शेवटी सुधारलंच याला.”

हे तोंडातून गेल्यावर काय बोललो ते त्याला कळलं. त्याचा गोल चेहरा लाल झाला. स्कॉटिशने कप सिंकमध्ये ठेवला, धुतला, जाळीवर उपडा घातला आणि तो यंत्रावर गेला.

त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. इंग्लिशने दोनदा प्रयत्न केला, असं मला नंतर कळलं. एकदा त्याच्या गाडीपाशी थांबून माफी मागितली. स्कॉटिश “ठीक आहे” म्हणाला आणि दार लावून घेतलं. दुपारी दोनला एकाची पाळी संपायची आणि दुसऱ्याची सुरू व्हायची, तेव्हा चालू चाचणीबद्दल दहा मिनिटं बोलणं गरजेचं असतं. ते बंद पडलं. मी काय केलं? हस्तांतराच्या कागदावर आणखी दोन रकाने वाढवले, म्हणजे न बोलताही काम चालावं. काम चाललं. आमच्या प्रमुखाने कागदाचं कौतुक केलं.

स्पर्धा पुढे सरकली. स्कॉटलंडचा दुसरा सामना एक-एक सुटला आणि तिसरा हरून ते घरी गेले. इंग्लंड रडतखडत पुढे जात राहिलं. बाद फेरीत त्यांनी एक सामना दोन-एक जिंकला, उपांत्य सामनाही दोन-एक. स्कॉटिश यादीत वर चढत गेला. जो दरवेळी तळाला असायचा तो तिसऱ्या क्रमांकावर आला. दर फेरीला त्याचे दोन ईमेल येत होते, आणि मी दर फेरीला दुसरा घेत होते.

उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दुसऱ्या क्रमांकावरचा जर्मन सहकारी माझ्याकडे आला. अर्धं गमतीने, अर्धं खरं असं त्याने विचारलं, “हा माणूस इंग्लंडचे स्कोअर इतके अचूक कसे देतो? बाराच्या आत पाठवले होते ना?” मी म्हणाले, सगळ्या वेळा माझ्याकडे आहेत, दाखवते. आणि ते चारही फेऱ्यांचे आठ ईमेल मी पहिल्यांदा नीट उघडले. तोवर मी फक्त जोडलेले तक्ते उघडत होते. वर लिहिलेला मजकूर वाचायचं काही कारण मला वाटलं नव्हतं.

प्रत्येक फेरीच्या पहिल्या ईमेलवर एकच ओळ होती : हे माझे. दुसऱ्यावर : आणि हे तिचे.

चारही वेळा तेच. जर्मन सहकारी माझ्या शेजारीच उभा होता. त्याने वाचलं आणि म्हणाला, “आख् सो, असं होय.” मग तो हळूच निघून गेला.

दोन-एक पाहूनही मला ओळखू आलं नव्हतं. ते आकडे ती बाई ऑफिसच्या उन्हाळी जेवणात मला तोंडाने सांगायची, आणि मी तिला कारणही विचारलं होतं.

बाबा गेले तेव्हा मी बारा दिवसांच्या रजेवर नाशिकला गेले होते. रजा थोडी म्हणून विमानातच कामांची यादी केली. मृत्यूचा दाखला, बँक, गॅस, वीजबिल, रेशनकार्ड. ओळखीच्या माणसाला गाठून दहाव्या दिवशी रेशनकार्डावरचं त्यांचं नाव कमी करून घेतलं. घरी येऊन आईच्या हातात कार्ड दिलं. तिने चष्मा लावून पाहिलं.

“झालं का?” तिने विचारलं.

“हो. नाव कमी झालं. आता तुझी कटकट मिटली.”

“ते धान्य आपण कधी घेतलंच नाही गं,” आई म्हणाली. “राहिलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं?”

तेव्हा मी तिला नियम समजावून सांगितला होता.

साडेदहाला मी चाचणीच्या हॉलमध्ये गेले. यंत्र चालू असताना तिथे कानाला आवरणं लावावी लागतात. त्याने मला पाहिलं, चाचणी थांबवली आणि आवरण उतरवलं. यंत्रावरचा भाग अजून थोडा थरथरत होता.

“तुझे दोन-दोन ईमेल मी आज वाचले,” मी म्हणाले. “आधी वाचले नव्हते. मला दुरुस्ती वाटली.”

“हो. नियमच आहे तसा. शेवटचा धरायचा.”

“तू सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? मेलेल्या माणसाचे अंदाज यादीत घातले नाहीत म्हणून तक्रार करू?” त्याने हातमोजे काढले. “यादीत तिचं नाव नव्हतं हे मी त्या सोमवारी पाहिलं. पण तिचे आकडे होते. माझ्या नावापुढे होते, पण होते. मी म्हटलं, राहू दे. दुरुस्त करायला सांगितलं तर ते जातील.”

“आणि सगळे तुला हसत होते ते?”

“हसणारा एकच होता.” मग तो म्हणाला, “तो तिच्याबद्दल बोलला तेव्हा मला राग आला नाही. बरोबरच होतं त्याचं, एका अर्थी. पण उत्तर द्यायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि मला ते कॉफीच्या खोलीत सांगायचं नव्हतं. मग एक दिवस गेला, दोन दिवस गेले. न बोलण्याचीही सवय होते.”

मी माफी मागितली. मग मी विचारलं, मला जे विचारता येतं ते. “दोन ओळी वेगळ्या करू? तसं केलं तर तू तळाला जाशील. आणि सगळ्यांना कळेल. नको असेल तर आहे तसं राहू देते.”

त्याने हातमोजे त्या थांबलेल्या यंत्रावर ठेवले. त्याच्या घरात आता तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं, आणि स्वतःच्या बाजूने तो एकटा भांडू शकत नव्हता, एवढं मला तेव्हा समजलं.

“वेगळ्या कर,” तो म्हणाला. “पूर्ण नाव लिही. माहेरचं आडनाव. माझं ती लावत नव्हती. म्हणायची, स्कॉटिश आडनाव लावून इंग्लंडसाठी ओरडायचं कसं?”

बाराच्या सुमारास नवी यादी लावली. ती तिसरी आली, तो तेविसातला तेविसावा. स्वतःच्या अंदाजात त्याने इंग्लंडला प्रत्येक सामन्यात हरवलं होतं आणि प्रत्येक सामन्यात तो चुकला होता. लोक यादीसमोर यायचे, वाचायचे आणि कप घेऊन आपल्या जागेवर जायचे. कोणी काही विचारलं नाही. जर्मन माणसांचा हा गुण मी मानते.

इंग्लिश दुपारी एक वाजता आला. दहा मिनिटांनी तो माझ्या टेबलाशी होता.

“ही ओळ पहिल्यापासून होती?”

“ईमेलमध्ये होती. तक्त्यात मी घेतली नाही. चूक माझी.”

“म्हणजे ते त्याचे नव्हतेच. ते तिचे होते. आणि मी त्याला म्हणालो...”

“हो, म्हणालास,” मी म्हणाले. त्याला बरं वाटेल असं काही बोलायला हवं होतं, पण मला सुचलं ते असं, “तो दोनला निघतो. तू पावणेदोनला यंत्रावर जा.”

पावणेदोनला मीही तिथे होते, कारण हस्तांतराचा कागद माझ्याकडे होता. यंत्र बंद होतं. इंग्लिशने आधीच काहीतरी सुरुवात केली असावी, कारण मी पोचले तेव्हा स्कॉटिश म्हणत होता, “ते झालं. पुन्हा नको.”

“बरं.”

“रविवारी अंतिम सामना आहे.”

“माहीत आहे. आम्ही खेळतोय.”

“आठला ये. डावीकडे बस. मधे नको, डावीकडे.”

इंग्लिशने मान डोलावली. मग तो म्हणाला, “आणि राष्ट्रगीताच्या वेळी तू काय करणार?”

“दरवेळी करतो तेच. उठून स्वयंपाकघरात जाणार.”

“ती तुला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणायची.”

“तू मोठ्याने म्हणू नकोस. तुझा आवाज वाईट आहे.”

मी कागद यंत्रावर ठेवला आणि परत आले. वाढवलेले दोन रकाने पुढच्या आठवड्यात काढून टाकले.

शुक्रवारी त्याचा एकच ईमेल आला, आत दोन नावं, दोन ओळी. त्याची : स्पेन एक, इंग्लंड शून्य. तिची : इंग्लंड दोन, स्पेन एक.

स्पेन दोन-एक जिंकलं.

नाश्ता बुधवारी सकाळी होता. स्कॉटिशने घरून मोठं पातेलं आणलं होतं. पाणी उकळू द्यायचं नसतं, नाहीतर सॉसेज फुटतात, म्हणून तो शेगडीपाशी उभा होता. माझी ब्रेत्सेल वेगळ्या ताटलीत होती, लोण्यासकट. इंग्लिश माझ्या शेजारी येऊन बसला. रविवारचं मी विचारलं नव्हतं.

“स्पेनचा दुसरा गोल झाला,” तो आपणहून सांगू लागला, “तेव्हा मला वाटलं, आता हा उठून नाचणार. आयुष्यभर वाट पाहिली होती त्याने. अंतिम सामना, शेवटची काही मिनिटं आणि आम्ही हरतोय. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. समोर बघत बसलो.”

“नाचला?”

“नाही. सामना संपला. मग म्हणाला, स्कोअर तिने बरोबर सांगितला होता, बाजू तेवढी चुकली.” त्याने ब्रेत्सेल मोडली. “आणि मग आम्ही दोघंही रडलो. मी तर इंग्लंडसाठीही रडत होतो थोडा. त्याला ते चालणार नाही, त्याला सांगू नकोस.”

“मला ऐकू येतंय,” शेगडीपाशी उभा असलेला म्हणाला. “आणि पाहिलंयही. उशी भिजवलीस.”

“तू हरल्यावर नाश्ता देतोस. मी हरल्यावर रडतो. ज्याची त्याची पद्धत.”

“तुम्ही हरलात की टीव्हीवर महिनाभर चौकशी चालते. आम्ही हरलो की पुढच्या सामन्याची तिकिटं काढतो.”

बाकीचे खायला लागले होते. तळाचा माणूस म्हणून स्कॉटिशला शेवटी ताटली मिळाली. तो माझ्यासमोर बसला. त्याचं अर्धं खाऊन झाल्यावर मी त्याला विचारलं. मे महिन्यात विचारायचं राहिलं होतं ते.

“पुढच्या स्पर्धेची यादी करताना तिची ओळ ठेवू का?”

इंग्लिश चघळता चघळता थांबला. स्कॉटिशने मोहरीची बाटली झाकण लावून बाजूला ठेवली.

“आत्ता हो म्हणेन,” तो म्हणाला. “पण दोन वर्षांनी काय वाटेल ते सांगता येत नाही. कदाचित मला तेव्हा तिच्या वतीने लिहिणं जमणार नाही. किंवा हा लिहील.”

“मी दोन-एकच लिहीन,” इंग्लिश म्हणाला.

“दुसरं काही लिहिलंस तर घरात घेणार नाही.” मग तो माझ्याकडे वळला. “तू काढू नकोस. ठेवूही नकोस. तेव्हा मला विचार.”

जागेवर परत गेल्यावर मी फाइल उघडली आणि तिच्या ओळीपुढच्या रकान्यात लिहिलं : नवी यादी करण्याआधी विचारणे. प्रत्यक्ष जाऊन. ईमेलने नाही.